तळटीप : टेरी प्लँक

* टेरी प्लँक : अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठ, २०१२च्या मॅकआर्थर फेलो. लेखक त्यांना नुसते ‘ज्वालामुखीतज्ज्ञ’ म्हणतात, ते अपुरे वाटते. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना समुद्रतळाचा गाळही सोबत नेतो. त्यातला काही अंश लाव्हातून वर येतो, हे बेरिलियम-१०मुळे आधीच कळले होते (हा समस्थानिक मुख्यतः वातावरणात तयार होतो, भूगर्भात नव्हे). पण जमाखर्च मांडला तो प्लँक आणि चार्ल्स लँगम्यूर यांनी. १९९३मध्ये त्यांनी निरनिराळ्या सागरी खंदकांत जाणारे बेरियम, थोरियम आणि तिथल्याच लाव्हातले त्यांचे प्रमाण ताडून पाहिले, मेळ बसला. पुढे प्लँक ऑलिव्हिन स्फटिकांत अडकलेल्या शिलारसाच्या सूक्ष्म थेंबांतले पाणी मोजण्याकडे वळल्या. भूपट्ट असे खाली जातात तिथल्या ज्वालामुखींत ते सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास भरते.