पाच मिनिटांच्या आतला दाब

एप्रिल 2021. आरे-वारेच्या चढावर तुम्ही गाडी थांबवता. खाली सुरूचं बन, त्यापलीकडे लखलखणारा समुद्र, मानेवर चैत्रातलं ऊन. इथून उत्तरेला, गणपतीपुळ्याच्याही पुढे, जयगड बंदरात याच महिन्यात ‘होएग जायंट’ नावाचं जहाज लागलंय. त्याच्या टाक्यांत 1,70,000 घनमीटर द्रवरूप नैसर्गिक वायू मावतो, उणे 162 अंशांना. टाकीला कितीही जाड आवरण घाला, कोकणातली ही ऊब थोडीथोडी आत झिरपणारच. मग द्रव उकळतो, वाफ साठते, दाब चढतो. ती वाफ वेळच्या वेळी काढून घेणं हे अशा जहाजावरचं न संपणारं काम. अतिथंड द्रव जवळ बाळगायचा तर आधी त्याचा दाब सांभाळायला शिकावं लागतं.

आता चार महिने पुढे या, आणि देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर. 12 ऑगस्ट 2021, श्रीहरिकोटा, पहाटेचे 5 वाजून 43 मिनिटं. इस्रोचं ‘जीएसएलव्ही-एफ10’ रॉकेट उडतंय. वर ‘ईओएस-03’ हा भूनिरीक्षण उपग्रह. तुम्ही मात्र त्याच्या खाली, क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या टप्प्यातल्या हायड्रोजनच्या टाकीत शिरला आहात. इथे उणे 253 अंश. सभोवती रंगहीन द्रव, इतका हलका की लिटरभर घेतला तर जेमतेम 71 ग्रॅम भरेल. डोक्यावर थोडी मोकळी जागा, तिथे वायू.

सगळं लक्ष त्या वायूकडे ठेवा. टाकीचा पत्रा वजन वाचवण्यासाठी पातळ ठेवलेला असतो. दाब फार वाढला तर तो फाटेल. म्हणून जादा दाब सोडून देणारी झडप असते. पण दाब कमी पडणंही तितकंच घातक. हा द्रव कायम उकळीच्या काठावर असतो. वरून पुरेसा रेटा नसेल तर पंपाच्या तोंडाशीच त्याचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे ओढून पंपाला इंजिनाची भूक भागवता येत नाही.

पहिला टप्पा नीट जळतो. दुसराही. नियंत्रण कक्षात पडद्यावरची रेघ ठरल्या मार्गाने चाललीय. इथे, टाकीत, काहीतरी बिनसलंय. दाब जसा चढायला हवा तसा चढत नाहीये. झडप मिटलेली असायला हवी, तरी तिच्यातून वायू निसटतोय. रिंग खराब झालेला कुकर जसा गॅसवर असूनही दाब धरत नाही, तसं. उड्डाणाला पाच मिनिटं व्हायला काही सेकंद उरले असताना क्रायोजेनिक टप्प्याच्या इंजिनाला पेटण्याची आज्ञा मिळते. टाकीतलाच छोटा पंप मुख्य पंपाकडे हायड्रोजन रेटायला बघतो, पण रेटा पुरत नाही. इंजिन पेटत नाही.

मला या अपयशात सगळ्यात जास्त लागतं ते हेच. इतक्या वर्षांच्या कष्टांनी घडवलेल्या इंजिनाला त्या दिवशी आपलं बळ दाखवायची संधीच मिळाली नाही.

मार्च 2022 मध्ये चौकशी समितीचे निष्कर्ष जाहीर झाले. तुम्ही ते वाचता. सर्वांत संभाव्य कारण: त्या झडपेचं मऊ सील दुखावलं असावं. झडपेच्या उघडझापीत, किंवा आत गेलेल्या कचऱ्यामुळे आणि गोठवणाऱ्या थंडीत जोडणीवर आलेल्या ताणामुळे. संगणकावर आणि जमिनीवर तशीच परिस्थिती उभी करून हे ताडून पाहिलं गेलं. अपयशाचा इतका बारीक हिशेब लोकांसमोर ठेवायला धैर्य लागतं, आणि ते इस्रोने दाखवलं. समितीने तीन गोष्टी सुचवल्या. झडप आणि तिच्या नळ्या भक्कम करा. इंजिन सुरू होण्याआधी टाकीत पुरेसा दाब असेलच, यासाठी तो मुद्दाम भरणारी यंत्रणा बसवा. आणि या टप्प्याची महत्त्वाची मापं आपोआप तपासली गेल्याशिवाय उड्डाणाला हिरवा कंदील देऊ नका.

आता 29 मे 2023, सकाळचे 10 वाजून 42 मिनिटं. ‘जीएसएलव्ही-एफ12’ निघतंय आणि तुम्ही पुन्हा हायड्रोजनच्या टाकीत आहात. वर 2,232 किलोचा ‘एनव्हीएस-01’, आपल्या ‘नाविक’ दिशादर्शन मालिकेच्या दुसऱ्या पिढीतला पहिला उपग्रह. पुन्हा तीच पाच मिनिटं सरत येतात, पुन्हा तीच आज्ञा सुटते. या खेपेला दाब पुरेसा आहे. पंप हायड्रोजन रेटतो, इंजिन पेटतं, आणि उड्डाणानंतर सुमारे 19 मिनिटांनी उपग्रह ठरल्या कक्षेत सुटा होतो.