जावास्क्रिप्टमधील क्रियाचिन्हे

जावास्क्रिप्ट ही संकेतस्थळांसाठी वापरली जाणारी आज्ञावली-भाषा आहे. तिच्यात मूल्यांवर कोणती क्रिया करायची हे सांगणाऱ्या चिन्हांना क्रियाचिन्हे किंवा ऑपरेटर म्हणतात. ज्या मूल्यांवर क्रिया होते, ती पदे होत. 45 + 5 या राशीत + हे क्रियाचिन्ह असून 45 आणि 5 ही पदे आहेत. यांपैकी अनेक चिन्हे शालेय गणितातून परिचित असली, तरी त्यांचा अर्थ पदांच्या प्रकारावर अवलंबून असतो. संख्या आणि मजकूर यांत भेद न केल्यास उत्तर चुकते आणि अनेकदा चुकीची सूचनाही मिळत नाही.

पार्श्वभूमी

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना या भाषेचा पहिला आराखडा सुमारे दहा दिवसांत तयार केला. १९९७ मध्ये तिचे प्रमाणित रूप एक्मास्क्रिप्ट या नावाने प्रसिद्ध झाले. भाषेतील राखीव शब्द रोमन लिपीत असतात. चलांना मात्र देवनागरी नावे देता येतात. संख्या लिहिताना देवनागरी अंक चालत नाहीत. त्यामुळे पुढील उदाहरणांत चलांची नावे मराठी असून अंक आंतरराष्ट्रीय आहेत. बाण राशीचे उत्तर दर्शवतो. तो भाषेचा भाग नाही.

अंकगणिती क्रियाचिन्हे

बेरजेसाठी +, वजाबाकीसाठी -, गुणाकारासाठी *, भागाकारासाठी / आणि बाकी काढण्यासाठी % हे चिन्ह वापरतात. घातासाठी  हे चिन्ह २०१६ च्या आवृत्तीत आले.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. तेथील एका शेतकऱ्याची पट्टी संगणकावर करायची असून हळदीचे वजन ३४५ किलो आहे, असे समजू. १०० किलोंचा एक क्विंटल होतो.

वजन = 345
वजन / 100 → 3.45
वजन % 100 → 45
(वजन - वजन % 100) / 100 → 3

म्हणजेच वजन ३ क्विंटल ४५ किलो झाले. पहिल्या ओळीतील = हे चिन्ह समानता दाखवत नाही; उजवीकडील मूल्य डावीकडील चलात ठेवते. वजन += 50 याचा अर्थ चलातील मूल्यात ५० मिळवून ते पुन्हा त्याच चलात ठेवणे असा होतो.

संगणक संख्या द्विमान पद्धतीने साठवतो. त्यामुळे काही दशांश अपूर्णांक तंतोतंत साठवता येत नाहीत आणि 0.1 + 0.2 चे उत्तर 0.30000000000000004 येते. म्हणून पैशांचे हिशेब रुपयांच्या अपूर्णांकांऐवजी पूर्ण पैशांत ठेवणे सुरक्षित असते.

+ चिन्हाचे दोन अर्थ

दोन्ही पदे संख्या असल्यास + हे चिन्ह त्यांची बेरीज करते. एक जरी पद मजकूर असले, तरी ते दोन्ही पदे एकमेकांना जोडते. संकेतस्थळावरील अर्जाच्या रकान्यात भरलेले मूल्य साधारणपणे मजकूर म्हणूनच हाती येते, मग ते दिसायला संख्या का असेना.

"52" - "1" → 51
"52" + "51" → "5251"

पहिल्या ओळीत ५२ किलोच्या पोत्यातून १ किलो बारदान वजा केले आहे. वजाबाकीला मजकुरात अर्थ नसल्याने भाषा पदांचे संख्यांत रूपांतर करते आणि उत्तर बरोबर येते. दुसऱ्या ओळीत मात्र दोन पोत्यांचे वजन १०३ किलोंऐवजी ५२५१ होते. एक क्रिया बरोबर चालल्यामुळे दुसरीतील दोष लक्षात येत नाही. बेरजेपूर्वी मजकुराचे संख्येत रूपांतर करणे हा यावरील उपाय होय. एकाच पदाआधी लिहिलेले + हे चिन्ह ते काम करते.

+"52" + +"51" → 103

देवनागरी अंक

वापरकर्त्याने रकान्यात ५२ असे देवनागरी अंक भरले, तर वरील रूपांतर होत नाही. अशा वेळी 'संख्या नव्हे' या अर्थाचे नॅन हे विशेष मूल्य मिळते आणि ते पुढच्या हिशेबातही पसरते. रकाना रिकामा राहिला, तर याउलट 0 मिळतो. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, तर आंतरराष्ट्रीय शून्याचा ४८ आहे; पुढील अंक दोन्हीकडे ओळीने येतात. म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की त्याचा आंतरराष्ट्रीय जोडीदार मिळतो. मराठी वापरकर्त्यांसाठीच्या अर्जात ही सोय हिशेबाआधी करावी लागते.

तुलना आणि तर्क

== हे चिन्ह गरजेनुसार प्रकार बदलून तुलना करते; === मूल्य आणि प्रकार दोन्ही पाहते.

"45" == 45 → सत्य
"45" === 45 → असत्य
"100" < "45" → सत्य

शेवटच्या ओळीत दोन्ही पदे मजकूर असल्याने शब्दकोशातल्याप्रमाणे एकेका अक्षराची तुलना होते आणि 1 हे चिन्ह 4 च्या आधी येते.

&& म्हणजे 'आणि', || म्हणजे 'किंवा' आणि ! म्हणजे 'नाही'. 0 हे मूल्य || असत्य धरते. त्यामुळे वजन || 50 या राशीत वजन शून्य असतानाही ५० हे उत्तर येते. २०२० च्या आवृत्तीतील ?? हे चिन्ह मूल्य खरोखरच अनुपस्थित असेल तेव्हाच पर्यायी मूल्य देते.

क्रियांचा क्रम

मराठी शाळांत क्रियांचा क्रम 'कंचेभागुबेव' या सूत्राने शिकवला जातो: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. जावास्क्रिप्टमध्येही कंस प्रथम सुटतो. 'चे'साठी वेगळे चिन्ह नसून * वापरावे लागते. भागाकार, गुणाकार आणि बाकी यांचा दर्जा समान आहे. बेरीज आणि वजाबाकी यांचाही आपसांत समान आहे. समान दर्जाच्या या क्रिया डावीकडून उजवीकडे होतात.

10 - 4 + 3 → 9
"एकूण " + 52 + 51 → "एकूण 5251"
"एकूण " + (52 + 51) → "एकूण 103"

सूत्र शब्दशः घेऊन बेरीज आधी केल्यास पहिल्या ओळीचे उत्तर ३ येईल. गणितातही ते चूकच ठरते. घाताचे चिन्ह मात्र उजवीकडून डावीकडे सुटते; म्हणून 2  3  2 चे उत्तर ५१२ येते. क्रमाविषयी शंका असल्यास कंस घालणे श्रेयस्कर असते.