शेवईची मावसबहीण

२००८ सालची गोष्ट. मुलीला मुंबईत नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिनं आम्हा तिघांना जेवायला नेलं. मला, तिच्या आईला आणि माझ्या अम्मीला. हॉटेल इटालियन होतं. पंचतारांकित नव्हतं, आणि अगदी साधंही नव्हतं. दारात सलाम करणारा दरवान नव्हता, पण मेन्यूकार्ड दोन्ही हातांनी धरावं लागेल एवढं मोठं होतं. मी आधी उजवीकडचे आकडे वाचले आणि मग डावीकडची नावं. मध्यमवर्गीय माणूस मेन्यूकार्ड उर्दूसारखं उजवीकडूनच वाचतो.

वेटरनं वाईनची यादी पुढे केली. आमच्याकडे कोणी घेत नाही. पण त्या यादीत 'नाशिक' आणि 'दिंडोरी' ही नावं दिसली आणि उगाच ऊर भरून आला. आम्ही शाकाहारी मागवलं. तसं केलं की अर्ध्या शंका आपोआप मिटतात. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब कांदा-लसूण नसलेला पिझ्झा मागत होतं. वेटरला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

स्पगेटी आली. अम्मीनं काट्यानं एक लड उचलली, नीट न्याहाळली, तोंडात घातली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "ये तो अपनी सेवय्या है. जरा कच्ची रह गई." मुलगी म्हणाली, "दादी, तिकडे अशीच खातात, दाताला लागेल अशी." अम्मी म्हणाली, "तो उनके दाँत अच्छे होंगे."

आम्ही हसलो. पण अम्मीचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की ती फार चुकली नव्हती.

मार्को पोलोनं चीनमधून शेवई इटलीत नेली, असं आपण लहानपणी ऐकलेलं असतं. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ मध्ये. जिनोआ शहरातल्या १२७९ सालच्या एका कागदात, एका माणसाच्या सामानाच्या यादीत, मॅकरोनीनं भरलेल्या पेटीची नोंद आहे. त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीची साक्ष अल-इद्रिसी या भूगोलकाराची. सिसिली बेटावर तेव्हा रॉजर दुसरा हा ख्रिस्ती राजा होता आणि त्याच्या दरबारात हा मुस्लिम विद्वान जगाचा नकाशा करत होता. ११५४ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात तो लिहितो, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि जहाजं भरभरून मुसलमानांच्या आणि ख्रिश्चनांच्या मुलखांत जाते. इत्रिया म्हणजे गव्हाच्या वाळवलेल्या शेवया. दक्षिण इटलीतल्या लेच्चे भागात आजही हरभरे घालून एक पास्ता करतात. त्याचं नाव 'चिचेरी ए त्रिया'. त्या 'त्रिया'मध्ये तो जुना अरबी शब्द अजून जिवंत आहे.

शेवई आपल्याकडून तिकडे गेली किंवा तिकडून इकडे आली, असा दावा मला करायचा नाही. असे दावे करणारे खूप आहेत, त्यांत आपली भर कशाला? मुद्दा एवढाच, की गहू दळायचा, मळायचा, वळायचा आणि वाळवून पावसाळ्यासाठी किंवा प्रवासासाठी ठेवायचा, ही अक्कल गरजेतून येते. सिसिलीच्या बाईला ती आली, तशी सिन्नर-निफाडच्या बाईलाही आली.

गव्हाचं नातं तर आणखी जवळचं आहे. चांगला पास्ता ड्यूरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्याचा होतो. आपल्याकडे बन्सी म्हणतात तो याच जातीचा. आपल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्रानं ड्यूरमचे वाण काढले. त्यांतल्या एकाचं नाव 'पंचवटी', दुसऱ्याचं 'गोदावरी'. इटलीच्या पदार्थाला लागणारा गहू आणि त्याला रामकुंडावरची नावं! नाशिककराला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आता त्या तांबड्या रश्शाकडे या. टोमॅटोशिवाय इटालियन जेवणाची कल्पना आपण करू शकत नाही. पण टोमॅटो मूळचा इटलीचा नाहीच. तो अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकात युरोपात पोचला, तेव्हा पुष्कळ लोक त्याला विषारी समजत. टोमॅटोच्या सॉसची कृती इटलीतल्या छापील पुस्तकात आली ती १६९०च्या दशकात, आणि तीही 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून. आपल्याकडे टोमॅटो आणि मिरची आली ती पोर्तुगीजांच्या हातून. आज पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट बघा. हा पाहुणा आहे असं कोणी म्हणेल का? ठेच्यातल्या मिरचीला कोणी विचारतं का, की बाई, तुझं मूळ गाव कोणतं?

मला मात्र हा प्रश्न अधूनमधून विचारतात. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कोणीतरी प्रेमानं म्हणतं, "तुमचं मराठी किती चांगलं आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी हसून आभार मानतो. आणि मनात म्हणतो, मिरचीला हे भाग्य किती लवकर लाभलं.

इटलीची माणसंही आपल्याकडे फार पूर्वीपासून येत आहेत. व्हेनिसचा मनुची १६५६ मध्ये सुरतेला उतरला. तिथं पहिल्यांदा विडा खाल्ला आणि त्याला अशी भोवळ आली, की आता आपण मरतो असं त्याला वाटलं. हाच मनुची पुढे १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटला. स्पगेटी बघून आपण गोंधळतो, त्याची फेड साडेतीनशे वर्षांपूर्वीच झालेली आहे!

पुढे इंग्रजी अमदानीत १८६९ मध्ये फेदेरिको पेलिती हा मिठाईवाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या पदरी आला. कलकत्ता आणि सिमल्यात त्याच्या दुकानांचं मोठं नाव झालं. मुंबईच्या फोर्ट भागात मोन्जिनी नावाच्या इटालियन भावांचं दुकान होतं. तेच पुढे खोराकीवाला कुटुंबाकडे आलं आणि आज 'मोन्जिनीज'चा केक गावोगावच्या वाढदिवसांना कापला जातो. पण पेलिती-मोन्जिनींच्या काळात ती टेबलं साहेबांची होती. आपल्यासारख्यांसाठी दार उघडलं ते फार उशिरा. १९९६ मध्ये पिझ्झाच्या दोन मोठ्या अमेरिकी साखळ्या भारतात आल्या, आणि इटलीचा पदार्थ आपल्याकडे अमेरिकेच्या वाटेनं पोचला. पुण्यातून निघालेल्या 'लिटल इटली'नं तर संपूर्ण शाकाहारी इटालियन हॉटेलांची साखळी उभी केली. गंगापूर धरणाजवळच्या सुला वाईनरीतही ते काही वर्षं होतं.

या मधल्या दराच्या हॉटेलात मला एक गोष्ट आवडली. तिथं कोणाचाच वडिलोपार्जित हक्क नाही. काटा कसा फिरवायचा हे ना मला ठाऊक, ना शेजारच्या टेबलावरच्या शेठजींना. एरवी आपल्या ताटावरून आपली जात, धर्म, जिल्हा कळतो. पास्त्याच्या ताटावरून काहीच कळत नाही. बिल मात्र सगळं सांगतं, हेही खरं. आमचं बिल अम्मीपासून लपवावं लागलं.

पण एक खंत आहे. १९६७ मध्ये इटलीनं कायदा केला, की सुका पास्ता ड्यूरम गव्हाचाच हवा. तिथं पास्त्याचे शेकडो आकार आहेत, प्रत्येकाला नाव आहे. आपल्याकडे काय? गव्हले, मालत्या, नखुले, बोटव्या. लग्नाच्या रुखवतात हे वळवट मांडल्याशिवाय आपल्या आयाबहिणींना चैन पडत नसे. नखाएवढा गोळा बोटांवर वळून केलेले ते दाणे म्हणजे आपला पास्ताच. आज माझ्या मुलीला पेन्ने आणि फुसिली यांतला फरक कळतो. गव्हले आणि मालत्या यांतला कळत नाही. दोष तिचा नाही. तिला दाखवणारं कोणी उरलं नाही.

आमच्याकडे ईदच्या आधी अम्मी बाजेवर पांढरं धोतर पसरून शेवया वाळत घालायची. शेजारच्या काकू पाट घेऊन यायच्या, कारण त्यांच्या हाताला तार बारीक यायची. बदल्यात ईदला शिरखुर्मा त्यांच्या घरी आधी जायचा. अम्मी २०१४ मध्ये गेली. त्याआधीच काकूंचं कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं होतं. आता शेवया पाकिटातून येतात. चवीला वाईट नसतात, पण त्यांच्यासाठी कोणाच्या दारी जावं लागत नाही.

इटालियन हॉटेलात जरूर जा. मुलांना घेऊन जा. पण घरात, शेजारी, गावाकडे वळवट जाणणारी कोणी आजी असेल, तर या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसा. नावं विचारा आणि लिहून घ्या. मी अम्मीला पाचवं नाव विचारायचं म्हणत राहिलो, आणि ते राहूनच गेलं.