रोल्ड, इन्स्टंट की मसाला? नाश्त्यासाठी ओट्स घेताना पाकिटावर नेमकं काय पाहायचं?

वजन कमी करायचंय? ओट्स खा. कोलेस्टेरॉल वाढलंय? ओट्स खा. शुगर निघाली? तरीही ओट्सच! रील्स आणि फॅमिली ग्रुपवर हा सल्ला रोज फिरत असतो. पण दुकानात गेलं की एकाच रॅकवर रोल्ड, इन्स्टंट, मसाला, चॉकलेट, मध-बदाम अशी पाकिटं दिसतात आणि जवळपास प्रत्येकावर ‘हेल्दी’ असल्याचा दावा असतो. यातलं खरोखर चांगलं कोणतं? सविस्तर समजून घेऊया.

ओट्स म्हणजे नेमकं काय?

ओट्स हे गव्हासारखंच एक तृणधान्य आहे. हिंदीत त्याला जई म्हणतात. भारतात हे पीक प्रामुख्याने जनावरांच्या चाऱ्यासाठी घेतलं जातं.

दाण्यावरचं टरफल काढलं की आतला अख्खा दाणा मिळतो. ओट्समध्ये स्निग्धांश गहू-तांदळापेक्षा जास्त असल्याने तो खवट होऊ नये म्हणून त्याला उष्णता दिली जाते. त्यानंतर दाण्यावर काय प्रक्रिया होते, त्यावरून ओट्सचे प्रकार ठरतात.

प्रकार कोणते?

- स्टील कट: दाण्याचे नुसते दोन-तीन तुकडे केलेले. दिसायला दलियासारखे. शिजायला २० ते ३० मिनिटं लागतात.
- रोल्ड: वाफवून रोलरखाली चपटे केलेले. दिसायला जाड पोह्यांसारखे. ५ ते १० मिनिटांत शिजतात.
- क्विक: आणखी बारीक आणि पातळ केलेले. २-३ मिनिटं पुरतात.
- इन्स्टंट: आधीच शिजवून वाळवलेले. गरम पाणी ओतलं की तयार.

साध्या, काहीही न मिसळलेल्या ओट्समध्ये प्रथिनं, फायबर आणि कॅलरी चारही प्रकारांत जवळपास सारख्याच असतात. फरक आहे तो पचनाच्या वेगात. दाणा जितका बारीक, तितका तो लवकर पचतो आणि रक्तातली साखर लवकर वाढते. हा वेग ग्लायसेमिक इंडेक्सने मोजतात. ५५ किंवा त्याखाली असेल तर तो कमी आणि ७० किंवा त्यावर असेल तर जास्त मानला जातो. स्टील कट आणि जाड रोल्ड ओट्सचा इंडेक्स ५५ च्या आसपास असतो, तर इन्स्टंटचा ७५ च्या आसपास. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी ‘ओट्स आहेत ना, मग चालतील’ असं गृहीत धरून इन्स्टंट पाकीट उचलू नये.

कोलेस्टेरॉल खरंच कमी होतं का?

हा दावा पोकळ नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचं पाण्यात विरघळणारं फायबर असतं. ओट्स शिजल्यावर येणारा बुळबुळीतपणा त्याचाच. हे फायबर आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतं आणि शरीराबाहेर नेतं. नवीन पित्ताम्लं बनवण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. त्यामुळे ‘वाईट’ मानलं जाणारं एलडीएल काही प्रमाणात घटतं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबाबतचा दावा छापायला परवानगी दिली. मात्र त्यासाठी दिवसाला किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं आणि एकूण आहारात संतृप्त चरबी कमी हवी. ४० ग्रॅम ओट्समधून साधारण दीड ते दोन ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळतं. म्हणजे आठवड्यातून एकदा वाटीभर ओट्स खाऊन फरक पडणार नाही. आणि ओट्स सुरू केले म्हणून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्वतःहून बंद करणं तर धोक्याचंच.

वजन कमी होतं का?

४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण १५० कॅलरी असतात. तेवढ्याच कोरड्या पोह्यांमध्येही जवळपास तितक्याच! फरक असा की ओट्समधून सुमारे ४ ग्रॅम फायबर आणि ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण त्याच वाटीत दोन मोठे चमचे मध घातला, तर १२० च्या आसपास कॅलरी वाढल्या. मग ‘डाएट’ नावापुरतंच उरतं.

पाकिटाच्या मागे काय वाचायचं?

१. घटकांची यादी. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साध्या ओट्सच्या यादीत एकच शब्द हवा, ओट्स. यादीत साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर ते पाकीट परत ठेवा. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ पावडर हीसुद्धा साखरेचीच रूपं आहेत.

२. अ‍ॅडेड शुगर. एफएसएसएआयच्या लेबलवर दिवसाची मर्यादा २००० कॅलरींच्या आहारासाठी ५० ग्रॅम धरलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर आणखी चांगलं.

३. सोडियम. मसाला ओट्समध्ये खरी अडचण इथे असते. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. समजा पाकिटावर १०० ग्रॅमला १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, तर ४० ग्रॅमच्या एका वाटीतच दिवसाचा पाचवा हिस्सा संपला. रक्तदाब असलेल्यांनी हा आकडा आवर्जून पाहावा.

४. सर्व्हिंग साइज. लेबलवरचे आकडे ३० किंवा ४० ग्रॅमचे असू शकतात, तुमच्या वाटीत ७० ग्रॅम असतील. दोन ब्रँडची तुलना करताना नेहमी ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना बघा.

कोणी काळजी घ्यावी?

ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नसतं, पण शेतात किंवा गिरणीत त्यात गहू मिसळू शकतो. सेलिअ‍ॅक आजार असलेल्यांनी ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलंच पाकीट घ्यावं. काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ओट्समधलं फॉस्फरस आणि पोटॅशियम आहारात बसतं का, हेही विचारून घ्यावं. फायबरची सवय नसेल तर सुरुवातीला पोट फुगतं. त्यामुळे थोड्या प्रमाणात सुरू करा आणि पाणी पुरेसं प्या.

ओट्सच हवेत का?

नाही. १०० ग्रॅम ज्वारीतही सुमारे १० ग्रॅम फायबर असतं, म्हणजे ओट्सइतकंच. नाचणीत तर १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. ओट्समध्ये ते त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. ओट्सची जमेची बाजू म्हणजे बीटा-ग्लुकन, आणि तेही जवात मिळतं. ओट्स बजेटमध्ये बसत नसतील किंवा घशाखाली उतरत नसतील, तर नाचणीची आंबील किंवा ज्वारीचं थालीपीठ खाऊन काही बिघडत नाही.

मग काय घ्यायचं?

सकाळी वेळ असेल तर स्टील कट, घाई असेल तर साधे रोल्ड. मसाला ओट्सच आवडत असतील तर घरीच करा. फोडणीत कांदा, गाजर, मटार परतून रोल्ड ओट्स घाला, मीठ बेताचं ठेवा, वरून लिंबू आणि मूठभर शेंगदाणे. दहा-पंधरा मिनिटांत उपमा तयार. गोड हवे असतील तर दुधात शिजवून केळं किंवा सफरचंद घाला, वेगळी साखर लागत नाही.

पुढच्या वेळी दुकानात पाकीट हातात घेतलं की ते आधी उलटं करा. ‘हेल्दी’ पुढे छापलेलं असतं, हिशोब मागे.