पाळतीचा खर्च कोणाच्या माथी?

ज्याच्यावर सरकारचा संशय, त्याच्याकडूनच त्या संशयाचा खर्च वसूल करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तुरुंगातून पॅरोलवर अथवा तात्पुरत्या जामिनावर बाहेर येणाऱ्याने सोबतच्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे भरावेत, ही अट आजही आदेशांत आढळते. वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो समाजव्यवस्थेचा प्रश्न आहे, आणि तो समजून घेण्यासाठी अहमदनगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) इतिहासात डोकावावे लागते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. कर्जरोखे जाळले गेले. लवकरच हे लोण पारनेर, श्रीगोंदे या नगरच्या तालुक्यांत पसरले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांना शिक्षा झाली. सरकार एवढ्यावर थांबले नाही. दंगलीच्या गावांत जादा पोलीस बसविले आणि त्यांचा खर्च त्याच गावांवर लादला. सावकाराने नागवलेल्या कुणब्याने आता आपल्यावरच्या पहाऱ्याचेही पैसे मोजायचे! १८९० च्या पोलीस कायद्यात आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही जादा पोलिसांचा खर्च रहिवाशांकडून घेण्याची सोय राहिलीच.

याच गावांत आणखी एक पहारा होता, आणि तो महाराचा होता. वेसकर म्हणून वेशीवर जागायचे, सरकारी कामासाठी धावायचे, सरकारी वसूल पोचवायचा आणि मोबदल्यात तुटपुंजी वतनी जमीन व बलुत्याचे दाणे घ्यायचे. सरकार या राबणुकीचा रास्त पगार कधी देत नव्हते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. पहारा देणारा अस्पृश्य असला तर पहारा जवळजवळ फुकट. आणि पहारा गरिबावर असला तर त्याचा खर्च गरिबाचा. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे हिशेबाची वही कोणाच्या हातात होती हे उमगते.

तिसरी गोष्ट फासेपारध्यांची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू झाला. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि गाव सोडताना वर्दी द्यायची, अशी बंधने त्याने घातली. चुकला तर शिक्षा. या देखरेखीची फी रोख नव्हती. ती बुडालेल्या मजुरीत, मोडलेल्या झोपेत आणि तंगडतोडीत भरावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कर्जत-जामखेडच्या माळावरच्या पारध्याकडे पाहणारी नजर त्याने बदलली काय?

आता आजच्याकडे येतो. नगर रस्त्यावरील भीमा कोरेगावच्या घटनेनंतर जो एल्गार परिषद खटला उभा राहिला, त्यातील आरोपी गौतम नवलखा यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्थानबद्धतेत घरी राहण्याची मुभा दिली. पाळतीचा खर्च मात्र त्यांनीच सोसायचा होता. सुरुवातीस २ लाख ४० हजार रुपये भरावयास सांगितले गेले. २०२४ साली राष्ट्रीय तपास यंत्रणेने मागितलेली रक्कम १ कोटी ६४ लाखांवर गेली होती. १४ मे २०२४ रोजी जामीन मिळताना २० लाख भरण्याची अट पडली. हा माणूस दोषी ठरलेला नव्हता. खटला उभाही राहिलेला नव्हता.

कोणी म्हणेल, कैद्याच्या फिरण्याचा भार करदात्याने का वाहावा? मी विचारतो, किती पोलीस लागतील हे कोण ठरवते? ज्याला संशय आहे तोच. पैसे मात्र ज्याचे मत कोणी विचारत नाही त्याने द्यायचे. नामवंताला निदान मित्र मदत करतात. ज्याची आई मेली आहे अशा भूमिहीन मजुराने काय करावे? १९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला होता, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाची मुक्तता त्याच्या ऐपतीबाहेर ठेवण्याच्या या रीतीवर कोरडे ओढले. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतील चारांपैकी तिघे कच्चे कैदी होते. अमेरिकेतील अनेक राज्ये पॅरोलवरील माणसाकडून देखरेखीची फी घेतात. परंतु कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये देखरेखीच्या अशा अनेक फी रद्द केल्या. तेथे जे घडू शकते ते येथे का घडू नये?

कायद्याला गावाकडून दंड घेणे ठाऊक नाही असे नाही. नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम १० अ आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १६ अत्याचार करणाऱ्यांच्या वस्तीवर सामूहिक दंड बसविण्याचा अधिकार सरकारला देतात. सोनई २०१३ साली घडले, खर्डा २०१४ साली. दोन्ही याच जिल्ह्यात. दलितांवरील अत्याचारांनंतर हे कलम कितीदा उचलले गेले आणि त्यातून किती रुपये वसूल झाले, हे कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे. त्याच अर्जात दुसराही प्रश्न घालावा: बंदोबस्ताचे पैसे भरता आले नाहीत म्हणून किती कैद्यांची रजा वाया गेली? दोन्ही आकडे एका कागदावर आले, की आपल्या मागणीला वेगळ्या भाष्याची गरज उरणार नाही.