वारीच्या वाटेवरील दुखणी

पंढरीच्या वाटेवर माणूस आजारी पडले तर पूर्वी त्याचे काय करीत असत, असा प्रश्न आपल्या मंडळात चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या वेळी निघाला होता. जिला जे ठाऊक होते ते तिने सांगितले, आणि कैरीची डाळ संपली तसा विषयही संपला. स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी तोच विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाट मी पायाने चालले आहे आणि वाचनालयातली पुस्तके दुपारी वाचते, तेवढ्या भांडवलावर हे लिहीत आहे.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पादुका पालखीत ठेवून नेण्याची चाल तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली सुरू केली. पुढे हैबतबाबा आरफळकर यांनी 1832 च्या सुमारास माउलींची पालखी वेगळी काढली. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी चाकरीस होते. पालखीपुढे कोणती दिंडी, मागे कोणती, मुक्काम कोठे, हे सारे ठरलेले असते. फौजेत राहिलेल्या माणसाचा हात त्यात दिसतो, असे आपले मला वाटते. बायकांच्या दृष्टीने या शिस्तीचा उपयोग मोठा. दिंडीत एकदा नाव लागले की आजारी पडलेले माणूस कोणाचे, हा प्रश्न राहत नाही. ते दिंडीचे.

पण भीती होतीच, आणि ती खोटी नव्हती. पटकीची मोठी साथ 1817 साली बंगालात उठली आणि पेशवाई बुडाली त्याच 1818 साली दख्खनेत पोहोचली. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘वाखा’ म्हणून जो शब्द आहे, तो हाच रोग. सकाळी टाळ वाजविणारा माणूस रात्री नाही, अशी त्याची तऱ्हा. हैबतबाबांची पालखी निघू लागली तेव्हा या साथीला उणीपुरी पंधरा वर्षे झाली होती. कोणी मरीआईचा कोप म्हणे, साहेब लोक वाईट हवेचा दोष म्हणत. लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांनी 1854 साली दोष पाण्याचा आहे हे दाखविले, आणि रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कलकत्त्यास रोगाचा जंतू नक्की केला. आता विचार करा, हजारो माणसे चंद्रभागेत स्नान करणार, तिथेच धुणे धुणार आणि तेच पाणी तांब्यात भरून पिणार! सरकार यात्रेकरूंना अडाणी म्हणे, पण प्यायला दुसरे पाणी कोणी आणून ठेवले होते?

हाफकिन साहेब पटकीची लस घेऊन 1893 साली हिंदुस्थानात आले. परळच्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. पुढे यात्रेकरूंना लस टोचण्याचा नियम झाला. आमच्या आजेसासूबाई सांगत, की टोचल्याचा कागद दाखविल्याशिवाय पंढरपुरात शिरू देत नसत आणि दंड असा सुजे की लुगड्याचा पदर खांद्यावर ठेववत नसे. काही बायका शेतातून आडवाटेने जात. आजेसासूबाईंनी मात्र टोचून घेतले, कारण त्यांची थोरली जाऊ वाख्याने गेली होती.

गाडगेमहाराजांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. यात्रेत ते देवळात न जाता हाती खराटा घेऊन घाण झाडीत. डॉक्टरांनी पुस्तकात जे लिहिले ते या न शिकलेल्या माणसाने झाडून दाखविले.

आता माझे सांगते. करोनामुळे 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी पादुका एस.टी. बसने पंढरपुरास गेल्या. 2022 साली पुन्हा पायी वारी निघाली, तेव्हा मी एका दिंडीतून गेले. दिवे घाट चढून सासवडला उतरले तीच अंगात कणकण घेऊन. जेजुरीच्या मुक्कामी ताप भरला आणि वाल्ह्यास दोन उलट्या झाल्या. कोणाला सांगू नये असे फार वाटले. दोन वर्षांनी वाट मोकळी झालेली, त्यात तापाचे माणूस म्हटले की सगळ्यांच्या पोटात गोळा. पण शेजारी निजणाऱ्या बाईच्या मांडीवर तिची नात होती, म्हणून मी पहाटेच विणेकरी बुवांना सांगितले.

तंबूत कुजबुज झाली. दोघी-तिघींनी आपली वळकटी दूर ओढली. मला वाईट वाटले, तरी त्यांचा राग आला नाही, कारण एकीचा मालक त्याच रोगाने गेलेला होता. बुवा म्हणाले, “माउली, आता चालायचं नाही. ट्रकात निजा.” आरोग्य पथकाच्या बाईंनी नाकात काडी घालून तपासले. करोना नव्हता. ताप उतरायच्या गोळ्या आणि साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या त्यांनी दिल्या. ही पुडी साधी समजू नका. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनी बनगावच्या छावणीत अशाच पाण्यावर असंख्य माणसे वाचविली. घोटभर पाणी पाजायला आईदेखील पुरते, नर्स लागत नाही, हे त्यातले मर्म. थोरल्या आजेचुलतसासूबाईंच्या वेळी ही पुडी असती तर, असे ट्रकात पडल्या पडल्या शंभरदा मनात आले.

ट्रक पालखीच्या आधीच पुढे जातो, त्यामुळे नीरेचे स्नान मला दिसले नाही. त्याची रुखरुख आजही आहे. लोणंदला एक सत्तरीची माउली, जिचे नावही मला ठाऊक नव्हते, भाताची पेज घेऊन आली. घरी सासूला करावी तशी तिने माझ्या तळपायांना तेल चोळले. मी संकोचले तर म्हणाली, “गप पड. उद्या मी पडले तर तू चोळशील.” वळकटी दूर नेलेल्यांतली एक दुसऱ्या दिवशी माझी ओली लुगडी वाळत घालून गेली. बोलली काही नाही.

लोणंदहून मी पुन्हा चालू लागले. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण बांधाच्या कडेला बसून पाहिले आणि तरडगावला दिंडीत सर्वांच्या शेवटी पोहोचले. बुवांनी माझ्यासाठी पंगत थांबविली होती.