मनाचे मोजमाप आणि मनाचे आकलन

वाङ्मयाच्या वर्गात मानसशास्त्राचा विषय निघाला की आपल्यासमोर बहुधा एकटा फ्रॉइड उभा राहतो. पात्राच्या अबोध मनाचा शोध घेतला की मानसशास्त्रीय समीक्षा पार पडली, असा आपला समज असतो. या शास्त्राचा इतिहास मात्र याहून बराच विस्तृत आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या उद्योगनगरीच्या संदर्भात तो वाचला, तर त्यातील वाद केवळ ग्रंथगत राहत नाहीत.

विल्हेल्म वुंट याने १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि मनाचा अभ्यास तत्त्वज्ञानापासून वेगळा होऊ लागला. तेथे प्रशिक्षित निरीक्षक आपल्याच संवेदनांचे वर्णन करीत. असे अंतर्निरीक्षण पडताळता येत नाही, असा आक्षेप घेऊन १९१३ साली वॉटसनने केवळ दृश्य वर्तन हाच अभ्यासविषय मानला. फ्रॉइडने १९०० च्या स्वप्नमीमांसेतच जाणिवेखालचा थर उकरला होता. अनुभवाचे तुकडे केल्यास त्याचा आकृतिबंध हरवतो, हे समष्टिवाद्यांनी दाखविले. मॅस्लोने १९४३ मध्ये मानवी गरजांची श्रेणी मांडली. आणि १९६७ साली नायसरच्या ग्रंथाने बोधनिक मानसशास्त्राला नाव व रूप दिले. प्रत्येक दृष्टिकोन आधीच्याच्या एखाद्या उणिवेतून उभा राहिला, हे ध्यानात घेतले म्हणजे ही नावे पाठांतराची यादी उरत नाहीत.

आता भोसरी किंवा चाकण येथील रात्रपाळीचा एक कामगार डोळ्यांसमोर आणू. त्याची चूक वर्तनवाद्याला सवयीची व मोबदल्याची वाटेल, बोधनवाद्याला अवधानाची. मनोविश्लेषक तीत दडपलेला रोष शोधील, तर मानवतावादी विचारील की या कामात त्याला स्वतःचे असे काय गवसते? चौघेही एकाच माणसाकडे पाहत आहेत. पण कोणाचे उत्तर ग्राह्य धरायचे, यावर त्या कामगाराला ताकीद मिळणार की विश्रांती, हे ठरते.

आपल्या परिसरात १९६२ हे वर्ष या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आणि त्याच वर्षी पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. पुणे विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग वा. कृ. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली आधीच उभा राहिला होता. प्रबोधिनीने मानसशास्त्राला शाळेत आणले. बुद्धी ही एकच राशी नसून अनेक क्षमतांचा समुच्चय आहे, या गिलफर्डच्या प्रतिमानाच्या आधारे तेथे चाचण्या तयार झाल्या. पुढे निगडीला नवनगर विद्यालयही उभे राहिले. एकीकडे जमिनीचे भूखंड मोजले जात होते आणि दुसरीकडे मुलांच्या बुद्धीचे पैलू.

या दोन मोजण्या एकाच जातीच्या आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तरीही येथे एक इतिहास स्मरणात ठेवावा लागतो. आल्फ्रेड बिने याने १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी रचली, ती मागे पडणाऱ्या मुलांना साह्य मिळावे म्हणून. बुद्धी जन्मजात व अचल असते, हे त्याला मान्य नव्हते. अमेरिकेत तीच श्रेणी माणसांची प्रतवारी लावणारी चाळणी झाली. साधन तेच राहिले, हेतू मात्र पालटला.

ज्याची शेती औद्योगिक वसाहतीत गेली त्या घरातील मूल चाचणीला बसते, तेव्हा गुणांकात त्याची क्षमता किती आणि त्याची भाषा, त्याची परिस्थिती किती, हे आकडा आपण होऊन सांगत नाही. ते वाचावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाचे काम येथेच सुरू होते. एका पात्राची अनेक वाचने संभवतात, आणि कोणतेही एक वाचन म्हणजे ते पात्र नव्हे, हे आपण रोज शिकवितो. मानसशास्त्राचे दृष्टिकोनही असेच वाचावेत, आणि हाडामांसाच्या माणसाबाबत तर अधिकच सावधपणे. कारण चुकीच्या वाचनाचे परिणाम कादंबरीतील पात्राला भोगावे लागत नाहीत, त्याला भोगावे लागतात.